धरसोड

अस्थिरपणाला मराठीत शब्दांची वाण नाही. मन चंचल, लक्ष्मी चंचल, स्वभाव लहरी. परंतु या शब्दांत क्षमेचा थोडा सूर असतोच; वाऱ्याला कोणी जाब विचारीत नाही. 'धरसोड' हा शब्द अशी क्षमा करीत नाही. तो दोन क्रियापदांचा बनलेला आहे, आणि क्रिया आली की कर्ता आला. चंचलता हा स्वभाव होय. धरसोड ही कृती होय.

या शब्दाचे स्मरण होण्यास कारण कांदा. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसविले. ऑक्टोबरात टनास ८०० डॉलर हे किमान निर्यातमूल्य ठरले. डिसेंबरात निर्यातच बंद झाली. ही बंदी मार्च २०२४ अखेरपर्यंतच म्हणून सांगितली होती. ती लांबली, मे महिन्यात उठली, आणि उठताना ५५० डॉलरची अट व ४० टक्के शुल्क मागे ठेवून गेली. सप्टेंबरात अट गेली व शुल्क २० टक्क्यांवर आले. १ एप्रिल २०२५ पासून तेही गेले. हे सारे वीस महिन्यांच्या आत!

कोणी म्हणेल, परिस्थिती पालटली की धोरण पालटलेच पाहिजे. मान्य आहे. शहरातील गृहिणीस कांदा परवडावयास हवा. तथापि बदल आणि धरसोड यांत भेद आहे. बदलाचे कारण आधी सांगितले जाते आणि दिलेली मुदत पाळली जाते. लासलगावच्या परिसरातील शेतकरी मार्गशीर्ष-पौषात उन्हाळी कांद्याची लागवड करतो, चैत्राच्या सुमारास तो काढतो, आणि चाळीत साठवून चार-सहा महिने भावाची वाट पाहतो. त्याने एकदा धरले की त्याला सोडता येत नाही.

मग कर्ता कोण? सरकार, हे उत्तर सोपे आहे आणि खरेही आहे. पण ते अपुरे आहे. कांदा किलोमागे दहा रुपयांनी चढला की आम्ही शहरवासी आरडाओरड करतो आणि आम्ही वृत्तपत्रकार ती पहिल्या पानावर छापतो. तोच कांदा बाजार समितीत मातीमोल झाला की ती बातमी आतल्या पानावर जाते. शेतकऱ्याचा कैवार आम्ही धरतो आणि भाजीवाल्याशी गाठ पडताच सोडतो. सरकारने जे केले ते आमचाच कौल ऐकून केले. दिल्लीस धरसोडीबद्दल जाब जरूर विचारावा. परंतु तो विचारणाऱ्याने आपल्या हातात काय धरले आहे, हेही एकदा पाहावे.