पेट्रोल महागले, मग फेऱ्या थांबल्या का?

पेट्रोलचा भाव वाढला की मोठी माणसे हमखास वाद घालतात. एक म्हणतो, "आता लोक गाड्या कमी काढतील." दुसरा म्हणतो, "छे! कोणी थांबत नाही." खरे कोणाचे?

अर्थशास्त्रज्ञ यासाठी एक आकडा काढतात. भाव १० टक्के वाढल्यावर खप अडीच टक्के घटला, तर मागणीची लवचिकता पाव, म्हणजे ०.२५. अनेक देशांच्या अभ्यासांत वर्षभरातला परिणाम साधारण एवढाच दिसतो. पुष्कळ वर्षांचा हिशेब मांडला, तर तोच आकडा दुपटीहून अधिक भरतो. का बरे? भाव वाढला म्हणून कोणी उद्या घर बदलत नाही. पण पुढची गाडी घेताना कमी पेट्रोल पिणारी बघतो. १९७३-७४ मध्ये खनिज तेल सुमारे चौपट महागले. अमेरिकेतल्या अवजड मोटारी हलक्या व्हायला त्यानंतर काही वर्षे लागली. युरोपात जबर करांमुळे पेट्रोल पूर्वीपासून महाग, म्हणून तिथल्या गाड्या लहान. देशादेशांची तुलना करताना अशी वर्षानुवर्षांची सवयच मोजली जाते.

उत्पन्नाचा परिणामही वेगळा काढावा लागतो. भारतात भाव वाढत गेले आणि खपही वाढला. म्हणून महागाईने मागणी वाढते असे थोडेच आहे! घरोघरी दुचाकी आल्या.

आता आपल्याकडे या. चंद्रपूर शहरात एस. टी. आहे, रिक्षा आहे, सायकलने कापता येतील अशी अंतरे आहेत. गडचिरोली जिल्हा १९८२ साली चंद्रपुरातून वेगळा झाला. त्यातले सिरोंचा जिल्ह्याच्या ठिकाणाहून सुमारे २०० किलोमीटर. पर्लकोटा नदीला पूर येऊन भामरागडचा संपर्क कितीदा तरी तुटलेला आहे. अशा मुलखात घरची एकुलती मोटारसायकल हीच बस आणि हीच रुग्णवाहिका. पेट्रोल महागले की तो माणूस एक तर दुसऱ्या खर्चाला कात्री लावतो, नाही तर दवाखान्याची फेरीच रद्द करतो. पहिल्या वेळी आकडा शून्याजवळ दिसेल, दुसऱ्या वेळी मोठा. हा दुसरा आकडा पाहून कोणी "पेट्रोल वाचले" म्हणाले, तर मला ते मान्य नाही.

लवचिकता हा पाण्याच्या उत्कलनबिंदूसारखा पेट्रोलचा गुणधर्म नव्हे. (तोही डोंगरावर बदलतो, पण ते असो.) दुसरी सोय किती जवळ आहे, हे ती सांगते. म्हणून परदेशी शहरांचा आकडा उचलून एटापल्लीला लावणे मला चुकीचे वाटते.

तुम्ही दहा घरी विचारून पाहा : भाव वाढल्यावर कोणती फेरी टळली, आणि तिच्याऐवजी सायकल, एस. टी. की काहीच नाही? "काहीच नाही" यासाठी वेगळा रकाना ठेवा.