पोटदुखीचे नाटक

नववीत माझ्या शेजारच्या बाकावर बसणारी मुलगी एकाएकी 'बिघडली'. हा शब्द आमच्या शिक्षकांचा. आम्ही मुलींनी तो आनंदाने उचलला. गणितात पहिली येणारी ती वर्गात झोपू लागली. दर दोन दिवसांनी पोट दुखते म्हणे. डॉक्टरांना काही सापडेना, तेव्हा ते नाटक ठरले. मागून कुणी खांद्यावर हात ठेवला की ती किंचाळे, म्हणून आम्ही मुद्दाम हात ठेवीत असू. दहावीआधीच तिने शाळा सोडली. घरी येणाऱ्या एका नातलगाचा अत्याचार ती वर्षभर सोसत होती, हे मला पुढे तिच्याच तोंडून कळले.

मानसशास्त्राच्या तासाला हीच लक्षणे मी वहीत उतरवून घेतली: झोप उडणे, कारणाविना पोटदुखी, दचकणे, चिडखोरपणा, स्वतःला इजा करून घेणे. कुणी अबोल होते, कुणी बेफाम. मुलगा असला तर तो उनाड ठरतो, एवढाच फरक. २००७ साली केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने १३ राज्यांतील १२,४४७ मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांतील ५३ टक्क्यांहून अधिक मुलांनी कोणता ना कोणता लैंगिक छळ सोसल्याचे सांगितले, आणि त्यांत मुलगे मुलींहून थोडे अधिकच होते!

वागणुकीवरून निवाडा करण्याची खोड केवळ आमच्या वर्गाची नव्हे. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका कोवळ्या वयाच्या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. अंगावर जखमांच्या खुणा नाहीत याला महत्त्व देऊन सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडले. भीतीने शरीर गोठते, हे कुणी ध्यानी घेतले नाही. देशभर संताप उसळला, १९८३ साली कायदा बदलला. २०१२ च्या 'पॉक्सो'ने तर अठरा वर्षांखाली संमतीचा प्रश्नच ठेवला नाही. पण एचआयव्ही टाळणारे औषध ७२ तासांच्या आत सुरू करावे लागते. जिची पोटदुखीच खोटी ठरते, ती तेवढ्या वेळात कुणाकडे जाणार?

आपल्या कॉलेजात हजेरी कमी भरली की नावे फलकावर लागतात आणि पालकांना पत्र जाते. प्राध्यापकांना माझी विनंती आहे की पत्रापूर्वी त्या विद्यार्थ्याला एकट्याला बोलवावे, 'काय झाले?' असे विचारावे आणि उत्तराची वाट पाहावी. कारण ज्याच्यामुळे हजेरी बुडाली, तोच कदाचित घरी ते पत्र फोडणार असतो.