पक्की मांड

मोठ्या कुटुंबांत वर्षा-दोन वर्षांकाठीं एखादें तरी मोठें दुखणें येतेंच. कोणाचा पाय मोडतो, कोणी अर्धांगवायूच्या झटक्यांतून वांचतो. संकट टळलें म्हणजे घरचीं माणसें देवापुढें साखर ठेवतात, आणि त्या दिवसापासून रोग्याच्या उशाशीं एकच प्रश्न घोटाळूं लागतो : "आतां पूर्ववत् कधीं होणार ?" येणारा-जाणारा तोच प्रश्न विचारतो, रोगीहि मनांतल्या मनांत तोच विचारीत असतो. या 'पूर्ववत्' शब्दाविषयीं आज आम्हांस थोडें लिहावयाचें आहे. त्यासाठीं घेतलेलें उदाहरण वाचकांस अपरिचित वाटेल, कारण तें डेन्मार्कमधील एका स्त्रीचें व तिच्या घोडीचें आहे. पण त्यांतील प्रश्न मात्र घरोघरचा आहे.

युरोपांत अश्वारोहणाची 'ड्रेसाज' नांवाची एक शाखा आहे. शब्द फ्रेंच असून त्याचा अर्थ 'शिक्षण' असा आहे. येथें शर्यत नाहीं, अडथळ्यांवरून उड्याहि नाहींत. साठ मीटर लांब व वीस मीटर रुंद अशा आंखलेल्या मैदानांत एकच स्वार येतो आणि ठरलेल्या क्रमानें घोड्याच्या निरनिराळ्या चाली करून दाखवितो : साधी चाल, दुडकी, दौड, पुढें जातां जातां तिरपें सरकणें, मागच्या पायांवर भार घेऊन जवळजवळ जागच्या जागीं फिरणें, आणि सर्वांत कठीण म्हणजे पुढें न जातां जागेवरच तालांत दुडकी धरणें. परीक्षक प्रत्येक कृतीस शून्यापासून दहापर्यंत गुण देतात. स्पर्धेंत स्वारास तोंडानें शब्द काढण्याची मनाई असते. स्वार नुसता स्वस्थ बसला आहे आणि घोडा आपखुषीनें हें सर्व करीत आहे, असा भास व्हावा, हीच उत्तम कामगिरीची खूण. आपल्याकडील जुन्या पागांतले चाबूकस्वार ज्या विद्येवर पोट भरीत, तिचेंच हें फार कसोशीचें रूप म्हणतां येईल.

घोड्याशीं चाललेलें हें सर्व संभाषण स्वाराच्या अंगानें होतें. हात लगामावाटें बोलतात; पाठ आणि बैठक भार इकडचा तिकडे करून बोलतात; परंतु मुख्य बोलणारे म्हणजे पाय. दोन्हीं पोटऱ्यांचा दाब पडला कीं घोड्यानें पुढें व्हावें, एकाच बाजूनें पडला कीं दुसऱ्या बाजूस सरकावें, जरा मागें पडला कीं मागचा भाग वळवावा, असे हे संकेत असतात. म्हणून ज्याचे पाय गेले त्याची ही विद्या संपली, असें कोणाहि जाणत्यानें निःशंकपणें सांगितलें असतें.

लिस हार्टेलबाईंचा जन्म १४ मार्च १९२१ रोजीं झाला. १९४३ व १९४४ या दोन्हीं सालीं त्या आपल्या देशांत ड्रेसाजमध्यें पहिल्या आल्या. त्याच १९४४ च्या सप्टेंबरांत, वयाच्या तेविसाव्या वर्षीं, त्यांना पोलिओ झाला. देश जर्मनांच्या ताब्यांत, पदरीं एक लहान मुलगी, आणि दुसरें मूल पोटांत, अशी ती वेळ होती. पोलिओचा विषाणु मज्जारज्जूंत शिरून स्नायूंना हुकूम पोंचविणाऱ्या पेशींचा नाश करतो. स्नायु जागच्या जागीं असतात. त्यांच्यापर्यंत निरोप मात्र पोंचत नाहीं. कांहीं पेशी वांचल्या तर त्यांना नवीन धुमारे फुटून शेजारच्या अनाथ स्नायुतंतूंचा कारभार त्या आपल्याकडे घेतात, आणि म्हणून आरंभींच्या कांहीं महिन्यांत बरीच शक्ति परत येते. जेथें एकहि पेशी उरली नाहीं तेथें कितीहि वाट पाहिली तरी कांहीं येत नाहीं. हार्टेलबाईंचे हात व मांड्या यांत हळूहळू बळ आलें. गुडघ्याखालचा भाग जन्मभर निर्जीव राहिला. दुसरी मुलगी मात्र निरोगी जन्मली. कुबड्या घेऊन चालतां आलें तरी पुष्कळ झालें, असा वैद्यांचा अभिप्राय पडला.

आतां येथें 'पूर्ववत्' हा शब्द लावून पाहावा. पाय परत येतील तेव्हां घोड्यावर बसूं, असें त्यांनीं ठरविलें असतें तर मरेपर्यंत त्या बसल्या नसत्या. त्यांनीं आपल्याजवळ काय उरलें आहे याची मोजदाद केली. मांड्यांचा थोडा आधार, पाठ, अंगाचा भार, आणि हात. एवढ्या भांडवलावर घोड्याशीं पुन्हां बोलतां येईल काय, असा प्रश्न त्यांनीं स्वतःस घातला आणि दुसऱ्यांकडून उचलून घोड्यावर बसवून घेतलें. १९४७ सालीं, म्हणजे दुखण्यानंतर तीन वर्षांच्या आंत, स्कँडिनेव्हियन देशांच्या स्पर्धेंत त्या दुसऱ्या आल्या.

हें साधलें कसें, तें समजण्यासारखें आहे. आपल्याकडे डोक्यावर भरलेली घागर घेऊन चालणारी बाई पाहावी. घागर डावीकडे किंचित् कलली तर ती विचार न करतां डावें पाऊल टाकते आणि भाराखालीं जाते. घोडाहि पाठीवरील भाराच्या खालींच राहूं पाहतो. स्वारानें आपला भार एका बाजूस केंसभर सरकविला तरी तें त्यास कळतें. त्याची कातडी इतकी जागी असते कीं माशी बसली तर तेवढाच भाग तो थरथरवितो. चांगल्या स्वारांना हें ठाऊक असतेंच, पण पाय शाबूत असतां भाराची ही भाषा दुय्यम राहते. हार्टेलबाईंना तीच मुख्य करावी लागली. त्यांची घोडी ज्युबिली हिनेंहि ती शिकावयाची होती. गुन्नार अँडरसन या शिक्षकाच्या देखरेखीखालीं दोघींचा हा अभ्यास चालला. अशा शिक्षणांत जबरदस्तीचा उपयोग नसतो. घोड्यानें बरोबर उत्तर दिलें कीं त्याच क्षणीं संकेत सोडावा लागतो. तें सोडणें हेंच त्याचें बक्षीस. बरोबर उत्तर ओळखण्यास उशीर झाला तर घोडा भलतेंच शिकतो. म्हणजे ज्युबिलीला जितकें समजून घ्यावें लागलें, तितकेंच लक्ष तिच्या धनिणीलाहि द्यावें लागलें.

दैवानें याच सुमारास एक दार उघडलें. ऑलिंपिकमधील ड्रेसाजमध्यें १९४८ पर्यंत स्त्रियांना प्रवेश नव्हता. सैन्यांतून यावयाचें तर अधिकाराची सनद हवी. इतकी कीं १९४८ सालीं स्वीडनच्या विजयी संघांतील एक स्वार वस्तुतः सार्जंट होता हें उघड झाल्यावर त्या संघाचें सुवर्णपदक काढून घेण्यांत आलें. १९५२ च्या हेलसिंकी येथील ऑलिंपिकपासून हे निर्बंध उठले. ड्रेसाजमध्यें त्या वर्षीं चार स्त्रिया उतरल्या. त्यांत हार्टेलबाई एक. स्वीडनच्या हेन्री सेंट सीर यांना ५६१ गुण पडले, हार्टेलबाईंना ५४१.५, आणि तिसरे आलेले फ्रान्सचे आंद्रे जूसोम यांना ५४१. पदक घेण्याची वेळ आली तेव्हां सेंट सीर यांनीं हात देऊन त्यांना चौथऱ्यावर चढविलें. पुरुषांच्या बरोबरीनें लढून ऑलिंपिकमध्यें अश्वारोहणाचें वैयक्तिक पदक मिळविणारी ही पहिली स्त्री. चार वर्षांनीं, १९५६ मध्यें, ऑस्ट्रेलियाच्या कडक विलगीकरणाच्या कायद्यामुळें घोड्यांच्या स्पर्धा मेलबोर्नऐवजीं स्टॉकहोमला भरल्या. तेथेंहि ज्युबिलीवर बसून त्यांनीं पुन्हां रौप्यपदक मिळविलें.

या कथेंतून कोणी असा अर्थ काढील कीं मनांत आणलें म्हणजे सर्व साधतें. तसें म्हणणें रोग्यांवर अन्याय होईल. हार्टेलबाईंना घोडी होती, शिक्षक होता, हाताशीं माणसें होतीं. शिवाय दैवानें त्यांचे प्राण वांचविले होते. हेलसिंकीस त्यांना पदक मिळालें त्याच १९५२ सालीं कोपनहेगनमध्यें पोलिओची भयंकर सांथ आली. श्वास बंद पडलेल्या रोग्यांच्या गळ्यांत नळी घालून वैद्यकीय विद्यार्थ्यांनीं पाळीपाळीनें, रात्रंदिवस, हातांनीं पिशवी दाबून त्यांना श्वास पुरविला. त्यांपैकीं कित्येक तरीहि दगावले. निश्चय हा मोठा गुण खरा, पण ज्याला यश आलें नाहीं त्याचा निश्चय कमी पडला, असें मानण्याचा अधिकार धडधाकट माणसास नाहीं.

दुखण्यांतून उठलेल्या घोड्याकडे पाहिलें तरी हाच विवेक शिकावयास मिळतो. ड्रेसाजच्या घोड्यांना पायाच्या मागील बाजूचा जो बंध खुराच्या वरचा सांधा तोलून धरतो, त्याची दुखापत वारंवार होते. घोडा कांहीं आठवड्यांत लंगडावयाचा थांबतो, आणि मालकास वाटतें कीं झालें, बरा झाला. परंतु आंत भरून आलेलें नवें ऊतक बराच काळ कच्चें असतें. मूळच्याइतकें लवचिक तें सहसा होत नाहीं. म्हणून जाणता साळोत्री प्रथम दररोज थोडीं मिनिटें हातीं धरून चालविण्यास सांगतो, आठवड्या-आठवड्यानें तीं वाढवितो, आणि ध्वनिलहरींच्या यंत्रानें आंतील स्थिति पाहून मगच दुडकीची परवानगी देतो. पुरतें काम सुरू होण्यास नऊ महिने, वर्षहि लागतें. घाई करणारा मालक तोच पाय पुन्हां मोडून घेतो, आणि भीतीनें घोड्यास नुसता बांधून ठेवणाराहि त्याचें हित करीत नाहीं, कारण नवे तंतु योग्य दिशेनें जुळण्यास बेताचा भार लागतो. दुखणें थांबणें आणि बरें होणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

हार्टेलबाई १२ फेब्रुवारी २००९ रोजीं, ८७ व्या वर्षीं वारल्या. त्यांनीं दाखविलेल्या वाटेनें पुढें पुष्कळ गेले. अपंग स्वारांचें ड्रेसाज १९९६ पासून पॅरालिंपिकमध्यें खेळलें जात आहे. ऑलिंपिकच्या अश्वस्पर्धांत आजहि स्त्री-पुरुष एकाच मैदानांत, एकाच मापानें मोजले जातात. भारताच्या ड्रेसाज संघानें २०२३ सालीं हांगचौ येथील आशियाई स्पर्धेंत सुवर्णपदक मिळविलें, तेव्हां चार स्वारांपैकीं दोन मुली होत्या आणि एक तरुण आपल्या मुंबईचा होता. पोलिओहि आपल्या देशांतून गेला. २०१४ सालीं तसें अधिकृतपणें जाहीर झालें. परंतु त्या रोगानें ज्यांचे पाय पूर्वींच नेले, ते लोक आपल्यांत आहेत, आणि अर्धांगवायु, अपघात व वार्धक्य हीं तर कोणत्याहि लसीनें जाणारीं नाहींत.

म्हणून आमच्या वाचकांस एक विनंति आहे. घरांत कोणी दुखण्यांतून उठत असेल तर "पूर्ववत् कधीं होणार" हा प्रश्न कांहीं दिवस बाजूस ठेवावा आणि "आज काय करतां येतें" हें पाहावें. उजवा हात गेलेल्या आजोबांना डाव्या हातानें चार ओळी लिहूं द्याव्या, आणि त्या वांकड्या आल्या तर हंसूं नये. उभें राहून स्वयंपाक न करतां येणाऱ्या सासूबाईंसाठीं ओटा सोडून पाटावर विळी-परात मांडून द्यावी. भाजी निवडण्याचें व मिठाचा अंदाज सांगण्याचें त्यांचें काम काढून घेऊं नये. बोलतांना शब्द अडखळत असेल तर तो पुरा होईपर्यंत थांबावें. रोगी आपली नवी भाषा बनवीत असतो, आणि ती घरच्या माणसांनींहि शिकावयाची असते. ज्युबिलीनें आपल्या धनिणीकडून पायांच्या जुन्या खुणांची अपेक्षा सोडली नसती तर हार्टेलबाईंच्या निश्चयाचा काय उपयोग झाला असता ?

घोड्यावर ज्याची बैठक ढळत नाहीं त्याची 'मांड पक्की' असें आपण म्हणतों. या दृष्टीनें पाहतां, गुडघ्याखालीं ज्यांना कांहींच हालवितां येत नव्हतें त्या हार्टेलबाईंची मांड पक्कीच म्हटली पाहिजे. तिच्यांत अर्धा वांटा त्या मुक्या जनावराचा होता, हें आपण शुश्रूषा करणाऱ्यांनीं विसरूं नये.