कर्करोगाचे नवे उपचार कोणासाठी?

शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कर्करोगाशी झुंजावयास लावणारी उपचारपद्धती ही वैद्यकशास्त्राची मोठी झेप आहे, यात शंका नाही. अहिल्यानगर जिल्ह्यापुरता प्रश्न एवढाच की, पाथर्डी-शेवगावच्या ऊसतोड मजुराला तिच्यातून काय मिळणार?

मुंबईची आय.आय.टी. आणि टाटा स्मारक रुग्णालय यांनी सिद्ध केलेल्या नेक्सकार-19 या उपचाराला ऑक्टोबर 2023 मध्ये मान्यता मिळाली. रुग्णाच्या रक्तातील टी-पेशी काढून, त्यांना कर्कपेशी ओळखावयास शिकवून पुन्हा शरीरात सोडावयाच्या, असे त्याचे स्वरूप. परदेशात त्यास तीन-चार कोटी रुपये लागतात, येथे 30 ते 40 लाख. म्हणून तो ‘स्वस्त’! महात्मा फुले जनआरोग्य योजनेचे संरक्षण कुटुंबास वर्षाला 5 लाखांचे आहे. शिवाय हा उपचार काही रक्तकर्करोगांपुरताच. तंबाखू-मिश्रीपायी होणाऱ्या तोंडाच्या कर्करोगावर तो चालत नाही.

त्या रोग्यासाठी अधिक मोलाचे काम टाटा रुग्णालयातच झाले, पण त्याचा गाजावाजा झाला नाही. निव्होलुमॅब हे औषध प्रतिकारशक्तीला पडलेला अडसर दूर करते. पूर्ण मात्रेत मात्र ते सामान्यांच्या आवाक्याबाहेरचे. तेथील डॉक्टरांनी दर तीन आठवड्यांनी अवघे 20 मिलिग्रॅम, म्हणजे रूढ मात्रेच्या दशांशाहूनही कमी, औषध पोटात घ्यावयाच्या गोळ्यांच्या जोडीने दिले. डोके-मानेच्या बळावलेल्या कर्करोगात नुसत्या गोळ्यांवर वर्षभर जगणाऱ्यांचे प्रमाण 16.3 टक्के होते, ते 43.4 टक्क्यांवर गेले. हे निष्कर्ष 2022 साली प्रसिद्ध झाले. आपले औषध कमी खपावे म्हणून कोणती कंपनी असा प्रयोग करील? तो 1962 पासून अणुऊर्जा खात्याकडे असलेल्या सार्वजनिक रुग्णालयातच होऊ शकला.

तरीही निम्म्याहून अधिक रोगी वर्षाच्या आत दगावले, हेही विसरता येत नाही. रोग आधी सापडला तर शस्त्रक्रियेने बरा होण्याची आशा असते. पण सहा महिने परमुलखात कोपीत राहणाऱ्याचे तोंड तपासणार कोण? आणि दर तीन आठवड्यांनी मजुरी बुडवून तो परळला कसा जाणार?

आशिया खंडातील पहिला यशस्वी सहकारी साखर कारखाना उभारल्याचा अभिमान या जिल्ह्याला आहे. ऊसतोड कामगारांच्या कल्याणासाठी कारखान्यांकडून टनामागे निधी घेतला जातो. त्यातून गाळपाच्या हंगामात कोप्यांवर जाऊन तोंडाची तपासणी व्हावी, आणि अल्प मात्रेचा हा उपचार नगरच्या जिल्हा रुग्णालयात विनामूल्य मिळावा, ही मागणी कार्यकर्त्यांनी यंदाच्या हंगामापूर्वीच कारखान्यांच्या आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या दारी नेली पाहिजे.