डाळिंबाची साल, सोलापुरी चादर आणि आपण

सोलापूरच्या डाळिंबाला जीआय मानांकन आहे. सोलापुरी चादरीलाही आहे. पण एकाच जिल्ह्यातल्या या दोन नामवंतांची आपसात ओळखच नाही! दाणे काढले की साल जाते उकिरड्यावर, आणि चादरीचं सूत रंगतं रासायनिक रंगात.

खरं तर डाळिंबाची साल म्हणजे जुन्या रंगाऱ्यांचं हक्काचं सामान. साल उकळून गाळायची, तुरटी लावलेलं सूत त्यात घालायचं, पिवळा रंग चढतो. थोडं हिराकस पडलं की तोच रंग करडा, काळपट होतो. कच्छचे अजरखवाले आजही ही साल वापरतात. सुती धाग्यावर नैसर्गिक रंग सहजी बसत नाही, पण सालीतलं टॅनिन धाग्याला धरून राहतं. बीटाचं तसं नाही. त्याने हात लाल होतात, कापडावरचा रंग मात्र धुण्यात जातो.

आता दुसरी बाजू. ‘नैसर्गिक’ शिक्का मारला की सगळं शुद्ध, हा गैरसमज आहे. हिराकस जास्त झालं तर सूत कमजोर होतं. रंग पक्का करायला कुणी मोरचूद ओतलं तर सांडपाणी विषारीच होणार. उकळायला इंधन लागतं, धुवायला पाणी. आणि पाण्याचं म्हणाल तर उन्हाळ्यात टँकरमागे पळणाऱ्याला विचारा. दोन लॉटची छटा जुळवणंही अवघड. त्यामुळे उद्यापासून सगळ्या चादरी सालीत रंगवा, असं मी म्हणणार नाही.

पण प्रयोग तर करा! डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र इथेच, केगावला आहे. यंत्रमाग आहेत. पालिकेने ज्यूसवाल्यांकडून साल वेगळी गोळा करावी, बचत गटांनी वाळवावी आणि एका कारखान्याने शंभर चादरी रंगवून बघाव्यात. धुण्यात, उन्हात रंग किती टिकला, पाणी किती लागलं, सांडपाण्यात काय निघालं, ते आकडे लोकांसमोर ठेवा.

आणि एक गोष्ट आधीच ठरवा, सालीला किलोमागे भाव किती? नाहीतर ‘इको-फ्रेंडली’ चादर पुण्या-मुंबईत चढ्या दराने विकली जाईल आणि साल वाळवणारी बाई फुकटात राबेल. ज्यातून माल तयार होतो तो कचरा नसतो, कच्चा माल असतो. त्याचे पैसे मोजावे लागतात.

सांगोला, पंढरपूर, मंगळवेढ्याच्या मित्रांनो, तुमच्याकडे सालीचं काय होतं? कमेंटमध्ये लिहा.