ग्रीन कार्डाची मुदत आणि परतीचा इरादा

अमेरिकेहून स्वदेशी आलेल्या कुटुंबात ग्रीन कार्ड बहुधा तिजोरीत, घराच्या खरेदीखतांशेजारी विसावते. वडिलांचे आजारपण लांबते, पेढीच्या वाटण्या रेंगाळतात, आणि दोन महिन्यांसाठी आलेला मनुष्य चार वर्षे येथेच राहतो. पुढे केव्हातरी परत जाण्याचा विषय निघतो आणि घरात दोन तट पडतात. कार्डावरील मुदत शिल्लक आहे म्हणून हक्क शाबूत आहे, असे एकाचे म्हणणे. मुदत संपली म्हणजे सारेच गेले, असे दुसऱ्याचे. दोघेही चुकतात.

कार्डावर छापलेली मुदत कार्डाची असते, दर्जाची नव्हे. कार्ड कालबाह्य झाल्याने कायम वास्तव्याचा दर्जा आपोआप नष्ट होत नाही. तसाच तो कार्ड चालू आहे एवढ्याने टिकतही नाही. सलग एक वर्ष वा अधिक काळ बाहेर राहिलेल्यास केवळ कार्ड दाखवून प्रवेश मिळत नाही. निघण्यापूर्वी पुनःप्रवेशाचा परवाना मागितला असेल, तर दोन वर्षांपर्यंत सोय होते. मात्र हा अर्ज अमेरिकेत असतानाच करावा लागतो आणि परवान्यास मुदतवाढ मिळत नाही.

वर्षातून एकदा जाऊन यावे, पारपत्रावर शिक्का पडला की नवे वर्ष सुरू, ही समजूत व्यापारी घरांत फार रुजलेली आहे. जुनी बाकी नव्या वहीत ओढावी तसाच हा प्रकार! १९७५ साली अमेरिकेच्या स्थलांतरविषयक अपील मंडळापुढे जमैकातील एका स्त्रीचे प्रकरण आले. ती वर्षातील सुमारे अकरा महिने जमैकात राहून स्वतःचे निवासगृह चालवीत असे आणि थोड्या दिवसांसाठी अमेरिकेत येत असे. येणे नियमित असूनही तिने दर्जा सोडून दिला आहे, असे मंडळाने ठरविले. मनुष्य कोणत्या हेतूने बाहेर गेला, परतीचा काळ ठरलेला होता काय, आणि त्याचे खरे घर व उद्योग कोठे आहे, हे तेथे पाहिले जाते. शिक्के मोजून प्रश्न सुटत नाही.

ज्यांचा मुक्काम खरोखरीच नाइलाजाने लांबला, त्यांच्यासाठी परतणाऱ्या रहिवाशाचा व्हिसा आहे. त्याला एसबी-१ म्हणतात. त्यासाठी वाणिज्य दूतावासात डीएस-११७ हा अर्ज करावा लागतो. देश सोडताना दर्जा होता, परतण्याचा इरादा होता व तो कधी सोडला नाही, आणि मुक्काम स्वतःच्या ताब्याबाहेरील कारणांनी लांबला, एवढे कागदोपत्री सिद्ध करावे लागते. स्वतःच्या गंभीर आजाराची रुग्णालयातील कागदपत्रे येथे वजनदार ठरतात. दुकान तेजीत होते म्हणून थांबलो, हे कारण मात्र चालण्याजोगे नाही. तो स्वतःचा निर्णय ठरतो. अर्ज मान्य झाला तरी पुढे वैद्यकीय तपासणीसह व्हिसाची संपूर्ण प्रक्रिया उरतेच.

अशा अर्जांत यश येणे कठीण असते, हे कुटुंबांनी आधीच जाणलेले बरे. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेची नागरिक असून एकवीस वर्षांची झाली असेल, तर ती आईवडिलांसाठी नव्याने अर्ज करू शकते, आणि या नात्याला वार्षिक संख्येची मर्यादा नाही. पुन्हा पहिल्या पायरीवर उभे राहणे वडीलधाऱ्यांना कमीपणाचे वाटते. तरीही बहुधा हाच मार्ग अधिक भरवशाचा. भावाने भावासाठी केलेल्या अर्जाला मात्र अनेक वर्षे वाट पाहावी लागते.

विमानतळावरील एक कागद विशेष जपून हाताळावा. त्याचे नाव आय-४०७. त्यावर सही करणे म्हणजे दर्जा स्वेच्छेने सोडणे. ही सही सक्तीची नाही; ती नाकारून स्थलांतर न्यायाधीशापुढे सुनावणी मागता येते, आणि तेथे दर्जा सोडल्याचे सिद्ध करण्याचा भार सरकारवर असतो. हुंडीवर वाचल्याशिवाय सही न करणारा मनुष्य दीर्घ प्रवासाच्या थकव्यात येथे मुकाट्याने सही करून मोकळा होतो.

याला दुसरीही बाजू आहे. दर्जा रीतसर सोडलेला नसेल, तर सामान्यतः अमेरिकेचा प्राप्तिकर कायदा जगभरच्या उत्पन्नाला लागू राहतो. भारतातील पेढीचा नफाही त्यात आला. करविवरणात स्वतःला अनिवासी लिहायचे आणि विमानतळावर निवासी म्हणवायचे, या दोन वह्या एकमेकींशी जुळत नाहीत आणि पहिली दुसरीविरुद्ध पुरावा ठरते. आईवडिलांनी दर्जा सोडल्याचे ठरले, तर त्यांच्या ताब्यातील अज्ञान मुलांवरही तोच निष्कर्ष लादला जातो.

नातवंडांना भेटण्यापुरतेच जायचे असेल, तर आय-४०७ भारतातूनही टपालाने पाठवता येतो. त्यानंतर पर्यटक व्हिसासाठी अर्ज करता येतो. तो देणे न देणे मात्र दूतावासाच्या हाती असते.