रेडिएटर आणि रस्त्यावरची खडी

वीस वर्षांपूर्वी या सदरात रेडिएटरवर लिहिले असते, तर हे ट्रकवाल्यांसाठी आहे असे समजून वाचकांनी पान उलटले असते. घरात स्प्लेंडर असायची, तिचे इंजिन वाऱ्यावर थंड व्हायचे, विषय संपला. २००८ साली यामाहाची आर-वन-फाइव्ह आली, २०१२ मध्ये केटीएमची ड्यूक २०० आणि बजाजची पल्सर एनएस २०० आली आणि पाण्यावर थंड होणारे इंजिन साध्या घरांच्या अंगणात येऊन उभे राहिले. मुलाने हट्ट धरला, अब्बांनी हप्ते बांधून घेतले. पण पुढच्या चाकामागे, इंजिनासमोर जी काळी चौकोनी पेटी दिसते तिच्यावर सगळी गाडी जगते, हे घरात बहुतेकांना ठाऊक नसते.

या पेटीत ॲल्युमिनियमच्या चपट्या नळ्या असतात आणि त्यांच्यामध्ये कागदासारख्या पातळ पत्र्यांच्या घड्या. इंजिनातून तापून आलेले कूलंट नळ्यांतून फिरते, पत्र्यांमधून वारा जातो, उष्णता वाऱ्याबरोबर निघून जाते. पत्रे पातळ असतात म्हणूनच ते काम करतात. जाड केले तर दगड सोसतील, पण उष्णता नीट सोडणार नाहीत. आणि बसवलेत कुठे, तर बरोबर चाकाच्या मागे, जिथे रस्त्यावरचा प्रत्येक खडा उडून येणार.

आता आपले रस्ते पाहा. धुळे ते जळगाव हा जुना सहा नंबरचा, आताचा त्रेपन्न नंबरचा महामार्ग, नव्वदेक किलोमीटरचा. पारोळा, एरंडोल, पाळधी, मग बांभोरीजवळ गिरणेचा पूल. या वाटेवर खडीचे डंपर चालतात, वाळूचे ट्रॅक्टर चालतात आणि ताडपत्री बांधलेली क्वचित दिसते. आपल्याकडची खडी म्हणजे काळा बेसाल्ट, तुटला की कडा सुरीसारख्या. शिवाय एक प्रकार असा की त्याचा मला फार राग आहे. ट्रक बंद पडला की चालक चाकाखाली आणि मागे मोठे दगड लावतो, गाडी दुरुस्त झाली की दगड तिथेच ठेवून निघून जातो. वाटेतला दगड बाजूला करणे सवाबचे काम आहे, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. निदान आपण ठेवलेला तरी उचलावा.

माझा भाचा गेल्या उन्हाळ्यात दुपारी धुळ्याहून निघाला. पारोळा सोडल्यावर मीटरवर लाल दिवा लागला. गाडी पळते आहे, घरी जाऊन बघू, असे म्हणून तो पुढे गेला. एरंडोलच्या अलीकडे इंजिन जाम झाले. मागचे चाक क्षणभर अडकले, पण मागे ट्रक नव्हता म्हणून पोरगा वाचला. मिस्त्रीने दाखवले, रेडिएटरच्या खालच्या कोपऱ्यात ज्वारीच्या दाण्याएवढे भोक होते. रेडिएटर बदलायला काही हजार लागले असते. लाल दिव्यावर चालवल्यामुळे पिस्टन आणि सिलिंडर दोन्ही गेले आणि धाकट्या बहिणीच्या फीचे पैसे त्यात गेले. म्हणून घरातल्या प्रत्येक मुलाला एवढे पाठ करायला लावा: तापमानाचा दिवा लागला की गाडी बाजूला घ्यायची आणि इंजिन बंद करायचे. पाच मिनिटांनी नव्हे, लगेच.

आणि तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडायचे नाही. आतले कूलंट दाबाखाली असते, शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल होताच दाब सुटतो आणि ते उकळते फवारे होऊन तोंडावर येते. अर्धा तास, जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात तर त्याहून जास्त, थांबावे.

बचावाचा सोपा उपाय म्हणजे रेडिएटरसमोर धातूची जाळी. बाजारात प्रत्येक मॉडेलसाठी तयार मिळते. घेताना छिद्रांकडे पाहा. गाळणीसारखी बारीक जाळी दगड अडवते आणि वाराही अडवते, पंचेचाळीस अंशांत तो सौदा परवडणारा नाही. फार मोठ्या छिद्रांतून खडीचा चुरा सरळ आत जातो. मधमाशीच्या पोळ्यासारखी, मधल्या पट्ट्या अरुंद असलेली जाळी मला बरी वाटते. ती पत्र्यांना चिकटून नको, मध्ये बोटाच्या पेराच्या निम्म्याएवढी तरी जागा हवी, नाहीतर दगड जाळीला वाकवील आणि जाळी पत्र्यांना. गाडीच्या मूळ बोल्टवरच बसणारी घ्या, भोके पाडणारी नको. खिडकीची डासांची जाळी प्लास्टिकच्या पट्ट्यांनी बांधलेल्या गाड्याही पाहिल्या आहेत. तिच्याने फक्त इंजिन तापते.

जाळीहून स्वस्त आणि माझ्या मते आधी करण्यासारखे काम म्हणजे पुढच्या मडगार्डला खाली जोड लावणे. नव्या गाड्यांचे मडगार्ड दिसायला छान पण आखूड असते. मागच्या बाजूने रबराची पट्टी खाली वाढवली की चाकाने उडवलेला बराचसा खडा आणि चिखल तिथेच थांबतो. पट्टी चाकाला घासणार नाही आणि वाऱ्याने आत ओढली जाणार नाही, एवढे मिस्त्रीकडून पाहून घ्या. पुढच्या डंपरच्या चाकातून येणारा दगड मात्र पट्टी अडवत नाही. तो अंतर ठेवूनच चुकवायचा.

खानदेशात दगडाइतकाच त्रास कापसाचा आहे, हे बाहेरच्यांना सांगून पटत नाही. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या जिनिंगकडे जातात, रस्त्याकडेला पांढरे पुंजके उडत असतात. ते रेडिएटरला चिकटतात, त्यावर धूळ बसते आणि वारा बंद. जाळी लावली असेल तर पुंजके जाळीवर साठतात, म्हणजे जाळी लावून विसरता येत नाही. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल असाच बसतो आणि वाळला की सिमेंट. महिन्यातून एकदा, गाडी थंड असताना, नळाच्या साध्या धारेने धुवावे, जमल्यास मागच्या बाजूने पुढे. वॉशिंग सेंटरवरच्या जोरदार फवाऱ्याने पत्रे आडवे होतात. दगडाने मोडलेल्या पत्र्यांपेक्षा फवाऱ्याने झोपलेले पत्रे मी जास्त पाहिले आहेत. वाकलेला पत्रा बोथट, पातळ पट्टीने हलकेच सरळ करता येतो. नळीला मात्र हात लावू नये.

गळती लागली तर काही जण हळद टाकायला सांगतात. जुन्या जीप-ट्रकांत वाटेपुरता हा इलाज चालून गेला असेल, मोटारसायकलच्या नळ्या बारीक, त्यात हळद जाऊन बसते आणि कूलंटची वाट बंद होते. बोअरचे पाणीही भरू नये, त्यातले क्षार आत थर धरतात. गाडीच्या पुस्तकात लिहिलेले कूलंटच घालावे आणि छोट्या टाकीवरच्या दोन खुणांच्या मध्ये पातळी राहते ना, ते आठवड्याला पाहावे. पातळी पुन्हा पुन्हा उतरत असेल तर वरून भरत बसू नका, गळती शोधा. सांडलेले कूलंट टायरवर आले तर गाडी घसरते, हेही ध्यानात असू द्या.

शेवटचे घरातल्या बायकांसाठी, कारण बाटली शेवटी आपल्याच कपाटात येते. बहुतेक कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असते. ते चवीला गोड आणि जहरी असते. रंग हिरवा किंवा गुलाबी, अगदी सरबतासारखा. उरलेले कूलंट थंड पेयाच्या बाटलीत ओतून ठेवण्याची पद्धत घरोघरी आहे, ती आजच बंद करा. मूळ डब्यात, झाकण घट्ट, मुलांचा हात पोहोचणार नाही अशा ठिकाणी ठेवा. अंगणात सांडलेले शेळी किंवा मांजर चाटण्याआधी भरपूर पाण्याने धुऊन काढा. मुलाने घोटभर जरी प्यायले असेल तरी उलटी काढत बसू नका, घरगुती उपाय करू नका. सुरुवातीला मूल फक्त झिंगल्यासारखे दिसते, मूत्रपिंडे निकामी होतात ती नंतर. तो डबा सोबत घ्या आणि सरळ मोठ्या दवाखान्यात जा.